साताऱ्याचं राज्य आणि १८१९ चा तह

साताऱ्यात ‘राजवाडा’ म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो तो एसटीचा थांबा, मग भाजी मंडई, संध्याकाळी गांधी मैदानावरच्या गाड्या. याच राजवाड्यातल्या शाळेत १९०० साली लहानग्या भीमरावांचं नाव दाखल झालं, हे सातारकरांना पाठ असतं. त्या शाळेला ज्यांचं नाव आहे, त्या प्रतापसिंह महाराजांबद्दल मात्र आपण फार कमी बोलतो. त्यांचं राज्य एका तहाने उभं राहिलं आणि त्याच तहातल्या शब्दांवरून बुडवलं गेलं.

प्रतापसिंह १८०८ मध्ये गादीवर आले तेव्हा छत्रपती नावालाच होते. कारभार पुण्याला, पेशव्यांच्या हाती. दुसऱ्या बाजीरावाने पळापळीतही महाराजांना आपल्याबरोबर फिरवलं. २० फेब्रुवारी १८१८ ला अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. छत्रपतींना पुन्हा साताऱ्याच्या गादीवर बसवलं तर मराठी मुलूख लवकर शांत होईल, हा कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याचा हिशेब होता. त्यात उपकाराचा भाग फारसा नव्हता. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. उत्तरेला नीरा-भीमा, दक्षिणेला वारणा-कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला पंढरपूर-विजापूरकडचा मुलूख, एवढं राज्य ठरलं. सुरुवातीची काही वर्षं कारभार कॅप्टन जेम्स ग्रँट पाहत होता, पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. १८२२ मध्ये त्याने सगळी सूत्रं महाराजांकडे दिली.

तहातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. राज्य महाराजांना आणि त्यांच्या ‘वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना’ दिलं होतं. आणि रेसिडेंटला, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या साताऱ्यातल्या प्रतिनिधीला, वगळून बाहेरच्या कोणत्याही सरदाराशी वा सत्तेशी पत्रव्यवहार करायचा नाही, केला तर तहाचे लाभ जातील, अशी अट होती.

हाती आलेल्या वर्षांचं महाराजांनी सोनं केलं. रोजनिशी लिहिणारा हा राजा होता. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना घातला, शहराला डोंगरावरून पाणी आणलं, मेढ्यावरून महाबळेश्वरला रस्ता नेला. महाबळेश्वरची जागा इंग्रजांना खंडाळ्याच्या बदल्यात मिळाली, ती याच महाराजांकडून. १८३५ मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांनी उत्तम कारभाराबद्दल त्यांच्यासाठी रत्नजडित तलवार पाठवली. मुंबई सरकारने ती त्यांच्या हाती पडू दिली नाही.

बिनसलं होतं ते जहागिरींवरून. औंध, भोर, फलटण, अक्कलकोट, जत यांच्यावर अधिकार कोणाचा, हा वाद चिघळत गेला. मग १८३६ मध्ये आरोप आले: महाराजांनी कंपनीच्या पलटणीतले देशी अंमलदार फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं. चौकशी गुप्त झाली, महाराजांना साक्षीदारांची नीट उलटतपासणीही करता आली नाही. तहातली पत्रव्यवहाराची अट इथे हत्यारासारखी वापरली गेली. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यात आला. कबुलीवर सही करा, राज्य तुमचंच राहील, असं त्याने सांगितलं. महाराजांनी सही केली नाही. माझ्या लेखी हाच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून पुढे काशीला पाठवलं. वाटेतच त्यांच्याबरोबर निघालेले सेनापती बाळासाहेब वारले. धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले.

धन्याची, म्हणजे प्रतापसिंहांची, बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथेच राहिले. पैसे संपले, कर्ज झालं, १८४७ मध्ये काशीला महाराज वारले, तरी त्यांनी दाद मागणं सोडलं नाही.

५ एप्रिल १८४८ ला शहाजी महाराज गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क आणि रेसिडेंट फ्रीअर दत्तकाच्या बाजूने होते. तहातल्या ‘उत्तराधिकारी’ शब्दात दत्तक पुत्रही येतो, असं क्लार्कचं म्हणणं. गव्हर्नर जनरल डलहौसीचं म्हणणं वेगळं: दत्तकाला खाजगी मालमत्ता मिळेल, पण सार्वभौम सत्तेच्या मंजुरीविना राज्य नाही. राज्य खालसा झालं. पुढे झाशी, नागपूरला जे झालं, त्याची सुरुवात साताऱ्यात झाली. छत्रपतींच्या जहागिरी मात्र वाचल्या. औंध, भोर, फलटण ही संस्थानं म्हणून १९४८ पर्यंत टिकली.

रंगो बापूजी परतले आणि १८५७ मध्ये उठावाच्या तयारीला लागले. बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आलं: काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची ‘चार भिंती’ ही जागा आज त्या सगळ्यांचं स्मारक आहे.