एक नर, तीन तऱ्हांच्या माद्या

कुंडीतला कढीलिंब दोन दिवसांत देठापर्यंत साफ झाला, की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये पहिला प्रश्न असतो, "काय फवारू?" पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं असतं. तीच ती अळी. थोडे दिवस दम धरला तर कात टाकून हिरवीगार होते, आणि बोट लावलं तर मानेमागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढते. त्याचा उग्र वास बोटाला बराच वेळ राहतो. बहुतेक वेळा ही अळी कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराची निघते. जनुकशास्त्रात आणि उत्क्रांतीच्या अभ्यासात या फुलपाखराने जेवढा गोंधळ घातला, तेवढा क्वचितच कुणी घातला असेल.

नर साधा: काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. माद्या मात्र तीन तऱ्हांच्या. एक हुबेहूब नरासारखी. दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. ही दोन्ही 'रोझ' फुलपाखरं अळी असताना ईश्वरीच्या वेलावर वाढतात आणि त्यातलं विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या अंगात असलं काही विष नसतं, नुसता वेश. वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडाच्या वाटेवर लाल ठिपक्यांचं काळं फुलपाखरू संथ उडताना दिसलं, तर पंख सोडून धड बघायचं. धड लाल असेल तर खरी रोझ, काळं असेल तर सोंग घेतलेली मॉर्मन. पंखांपर्यंत नक्कल साधली, अंगापर्यंत पोचली नाही.

हे सोंग माणसांनाही फसवून गेलं. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये या एकाच फुलपाखराला दोन जाती समजून दोन नावं दिली. (मराठीत स्पिशीजला जाती म्हणायचं की प्रजाती, हा वाद इथे नको, विश्वकोशाप्रमाणे मी 'जाती' म्हणतो.) निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ च्या निबंधात या सगळ्या माद्या एकाच जातीच्या आहेत असं मांडलं. त्याआधी तीन वर्षं, १८६२ मध्ये, त्यांचे जुने सोबती हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरं दाखवून विषारी जातीची नक्कल बिनविषारी जात करते ही कल्पना पुढे आणली होती. डार्विनला यात नैसर्गिक निवडीचा आयता पुरावा मिळाला.

आपल्याकडे त्या काळात भर होता तो याद्या करण्यावर. कर्नल चार्ल्स स्विन्हो हे १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. मुंबई आणि दख्खनमधल्या फुलपाखरा-पतंगांवरचा त्यांचा निबंध १८८५ मध्ये लंडनला छापला गेला. कुठे काय सापडतं हे त्याने कळलं. एकाच आईच्या पोटी तीन तऱ्हेच्या लेकी कशा येतात, हा प्रश्न तिथेच राहिला.

त्याला हात घातला तो पहिल्या महायुद्धाच्या आधी फ्रायर नावाच्या संशोधकाने, सिलोनमध्ये पिढ्यान् पिढ्या ही फुलपाखरं पाळून. खरी उकल मात्र लिव्हरपूलच्या एका डॉक्टरमुळे पुढे सरकली. सिरिल क्लार्क पेशाने फिजिशियन, छंद फुलपाखरं पाळण्याचा. नर-मादी हातात धरून जुळवण्याचं कसब त्यांना साधलं होतं, त्यामुळे हवे ते संकर हवे तेव्हा करता येत. फिलिप शेपर्ड या जनुकशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी दाखवलं की मॉर्मनची ही सगळी सजावट एकाच कळीने चालू-बंद होते. ती कळ नरातही असते, पण त्याच्या पंखावर उमटत नाही. शेजारशेजारची अनेक जनुकं गाठोडं बांधल्यासारखी एकत्र वारशाने जातात, अशी त्यांची समजूत होती. या गाठोड्याला सुपरजीन म्हणतात.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण ते सोडवत नाही. माणसाच्या आरएच रक्तगटाची जनुकंही अशीच एकमेकांना चिकटून असावीत असं तेव्हा मानलं जाई. फुलपाखरांवरून क्लार्क त्या रक्तगटांकडे वळले, आणि आरएच-निगेटिव्ह आईच्या बाळाला होणारा धोका टाळणारं अँटी-डी इंजेक्शन ज्या गटांनी तयार केलं त्यात लिव्हरपूलचा त्यांचा गट होता. १९६८ पासून ते सर्रास वापरात आलं. पुण्यातल्या प्रसूतिगृहांत आज ते रोजचं आहे; त्याच्या मागे काळ्या पंखांची फुलपाखरं आहेत हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

गाठोडं उघडलं ते २०१४ मध्ये, आणि उघडणाऱ्यांत आपला माणूस होता. कृष्णमेघ कुंटे पुण्यात शिकले. उत्तर सह्याद्रीत कुठल्या ऋतूत किती फुलपाखरं असतात यावरचा त्यांचा निबंध १९९७ चा. आता ते बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आहेत. त्यांनी आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की गाठोड्यात अनेक जनुकं नाहीतच. जे आहे ते एकच: डबलसेक्स, म्हणजे कीटकांत नर-मादीचा फरक घडवणारं जनुक. पुढच्याच वर्षी जपानी गटाने त्या भागाचा नकाशा काढला. डीएनएच्या सुमारे १,३०,००० अक्षरांचा तुकडा गुणसूत्रावर उलटा बसला आहे. उलटा तुकडा सुलट्याशी अदलाबदल करत नाही, म्हणून अर्धवट सोंगाच्या माद्या निपजत नाहीत. अर्ध्या सोंगाला पक्षी फसत नाहीत, हे त्यातलं मर्म.

एवढं वेगळं दिसूनही मॉर्मन एकच जात राहिली, कारण नर तिन्ही तऱ्हांच्या माद्यांशी जुळतो. दिसण्यातल्या फरकाने जात फुटायची तर जोडीदाराची निवडही त्या दिसण्यावर व्हायला हवी. हेच अमेरिका खंडातल्या हेलिकोनियस (थोडक्यात एच.) या फुलपाखरांच्या गटात घडलं. तिथे एच. मेलपोमिनी आणि एच. सिड्नो या दोन जातींचे नर आपल्याच रंगाच्या मादीमागे जातात, हे २००१ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. पंखावर लाल रंग आणणाऱ्या ऑप्टिक्स जनुकाच्या शेजारीच, त्याच गुणसूत्रावर, लाल रंगाची आवड ठरवणारा भाग सापडला. वेश आणि त्या वेशाची ओढ एकाच गाडीत बसून पुढच्या पिढीत उतरतात. मग जात वेगळी व्हायला डोंगर किंवा समुद्र मध्ये यावाच लागतो असं नाही.

तरी भिंत पक्की नसते. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, त्यांनी १९२२ मध्येच एक नियम सांगितला होता: संकरात एकच लिंग वांझ किंवा दुबळं निघालं, तर ते दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असलेलं असतं. माणसात ते पुरुष, फुलपाखरांत माद्या. मेलपोमिनी-सिड्नोच्या संकरात माद्या वांझ निघतात, नर नाही. म्हणून दार किलकिलं राहतं आणि जनुकं पलीकडे जातात. २०२४ मध्ये एच. एलेव्हेटस ही जात अशाच मिश्रणातून सुमारे १,८०,००० वर्षांपूर्वी झाल्याचं दिसलं. तिचा जवळपास सगळा जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकसंच, एका जातीचा, मेलपोमिनीचा वाटा फक्त एक टक्का. पण पंखांचा रंग आणि जोडीदाराची पसंती त्या एका टक्क्यात आहे.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन हे आपल्या कढीलिंबवाल्या मॉर्मनच्याच प्रजातीतलं (म्हणजे जीनसमधलं, जात वेगळी), २०१५ मध्ये घोषित झालेलं. त्याच्या ईशान्येकडच्या जवळच्या नातलगात, ग्रेट मॉर्मनमध्ये, माद्या पुन्हा नाना वेशांच्या, आणि कळ पुन्हा डबलसेक्सच. फक्त तिथे तुकडा उलटलेला नाही. तोच डाव दुसऱ्या रीतीने खेळला गेला.

फवारणी टाळलेल्या कुंडीत कोष तयार झाला, तर त्यातून मादी निघाली तरच वेश कळतो. नर निघाला, तर तो साधा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. त्याच्याकडे कुठली कळ आहे ते त्याच्या लेकी उडायला लागल्यावर कळायचं.