सेल्फ न घेणे (जुनी पिकअप गाडी)

सेल्फ न घेणे : चावी फिरवूनही स्टार्टर मोटर इंजिन फिरवत नाही, किंवा फिरवते पण रडतखडत, या बिघाडाचे गॅरेजमधले नाव. ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ-स्टार्टर. चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये विजेवरचा स्टार्टर तयार केला, १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसला आणि पुढून हँडल मारून इंजिन फिरवण्याचे दिवस सरू लागले. इंग्रजीत पुढे ‘स्टार्टर’ राहिला, आपल्याकडे ‘सेल्फ’. या नोंदीत विचार केला आहे तो यांत्रिक इंधनपंप असलेल्या, १२ व्होल्टच्या जुन्या डिझेल पिकअपचा. रावेर-यावलची केळी, नंदुरबारची मिरची आणि धुळे-जळगावचा कापूस वाहून नेण्यात या गाड्यांची हयात जाते.

खानदेशात या तक्रारीला हंगाम असतो. पहाटे अंगणात गाडीभोवती चार माणसे जमून ‘काय व्हयनं?’ विचारू लागतात ती डिसेंबर-जानेवारीत, म्हणून दोष थंडीला दिला जातो. खरे नुकसान मे महिन्यात झालेले असते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. बॉनेटखाली त्याहून बरेच जास्त तापते. उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते आणि धन प्लेटांच्या जाळ्या झपाट्याने गंजतात. तापमान १० अंशांनी वाढले की ही झीज साधारण दुप्पट वेगाने होते. तरीही उन्हाळ्यात गाडी चालू होत राहते, कारण ऊन असताना इंजिनचे तेल पातळ असते आणि कमी ताकदीत काम भागते. धुळ्याकडे पारा एक आकडी झाला की तेल घट्ट होते, सेल्फला जास्त करंट लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरी कमी देते. मेमध्ये डिस्टिल्ड वॉटर न घातल्याचा हिशेब जानेवारीत चुकवावा लागतो.

सेल्फला वीज दोन वाटांनी मिळते. बारीक वाट चावीच्या स्विचमधून, फ्यूज आणि असल्यास रिलेमधून (थोड्या करंटवर चालणारा स्विच) सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे सेल्फवरच्या विजेने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचपर्यंत, जाते. जाड वाट बॅटरीतून निघून सोलेनॉइडच्या तांब्याच्या संपर्कांतून मोटरमध्ये, तिथून इंजिनच्या धातूत आणि अर्थच्या (परतीच्या) केबलने परत बॅटरीत येते. बारीक वाट फक्त हुकूम देते, ओझे जाड वाट वाहते. कोणती वाट तुटली हे ठरले की निम्मे काम झाले, आणि ते बहुधा कानानेच ठरते. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नसेल तर आधी बारीक वाट पाहावी; शेतातल्या शेडमध्ये महिनाभर उभ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलेली सापडणे नवलाचे नाही. ‘टक-टक-टक-टक’ असा घाईचा आवाज म्हणजे सोलेनॉइड ओढतो पण भार येताच व्होल्टेज कोसळते: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल (बॅटरीवरचा केबलचा जोड) खराब आहे. एकच ठसठशीत ‘टक’ आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडचे संपर्क जळलेले, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे झिजणारे ठोकळे) संपलेले, नाहीतर इंजिनच जाम. या अवस्थेत सेल्फच्या अंगावर पान्याचा हलका ठोका दिला आणि गाडी चालू झाली, तर कार्बनची वेळ भरली असे समजावे. तो ठोका दुरुस्ती नव्हे. नुसती भिरभिर ऐकू आली तर मोटर फिरते आहे, बेंडिक्स (सेल्फचे पुढे सरकणारे दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगला पकडत नाही.

सर्वांत जास्त फसवणूक हेडलाइट करतात. ‘लाइट तर झक्क लागतात, मग बॅटरी चांगली, सेल्फ गेला,’ हा निदानाचा नेहमीचा आणि नेहमी महाग पडणारा मार्ग. हिशेब करून पाहावा. टर्मिनलच्या गंजामुळे ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा तयार झाला आहे असे धरू. दोन हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. या अडथळ्यावर वाया जातो फक्त ०.१ व्होल्ट, तो डोळ्याला कळत नाही. डिझेल सेल्फने ३०० अँपिअर मागितले की तोच अडथळा ३ व्होल्ट खाऊ पाहतो. बारापैकी तीन गेल्यावर सेल्फला उचलायला काय उरणार? म्हणून लाइट लावून ठेवून चावी फिरवावी आणि त्या क्षणी ते किती मंदावतात ते बघावे. पार विझत आले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. जराही हलले नाहीत तर करंट सेल्फपर्यंत गेलेलाच नाही.

पुढचे काम मल्टिमीटरचे. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. गाडी चालू झाल्यावर तो १३.८ ते १४.४ असावा, नसेल तर बॅटरीला दोष देण्याआधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) आणि त्याचा पट्टा पाहावा. खरी उपयोगाची चाचणी मात्र फार कमी ठिकाणी केली जाते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरे त्याच खांबाला आवळलेल्या क्लॅम्पवर धरायचे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. दोहोंत अंतर नाही, तेव्हा आकडाही जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर दोषी सापडला. क्लॅम्प काढून पाहिला तर आतून काळपट थर, बाहेरून निळसर-पांढरी बुरशी. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा, मग पॉलिश पेपर, घट्ट आवळणी आणि वरून पेट्रोलियम जेली. क्लॅम्प काढताना आधी ऋण, लावताना ऋण शेवटी.

असाच दोष अर्थमध्ये लपतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्याने चासीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे असते. दोहोंना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी चिखल-पाण्याने कुजते किंवा क्लच बदलताना परत लावायची राहून जाते. मग करंट ॲक्सिलरेटरच्या केबलसारखी भलतीच वाट शोधतो आणि ती केबल तापते. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनच्या ब्लॉकला जंपर (जाड जोडकेबल) लावल्यावर गाडी झटकन उचलली, तर नवा सेल्फ घ्यायची गरज नाही.

सकाळी उचलणारी पण तापल्यावर न उचलणारी गाडी हे वेगळे प्रकरण. चाळीसगावहून औट्रम घाट चढून चहाला थांबलेली पिकअप चहानंतर अडून बसते, कारण तापलेल्या तांब्याचा विरोध वाढतो आणि बुश (दांड्याला आधार देणाऱ्या बांगड्या) झिजले असतील तर आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) आतल्या बाजूला घासू लागते. अशा वेळी सेल्फ खोलावाच लागतो.

इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नसेल तर दोष सेल्फचा नाही. तरी विजेचा असू शकतो: पंपावरच्या फ्युएल कट-ऑफ सोलेनॉइडला (डिझेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या विजेवरच्या झडपेला) वीज मिळत नसेल तर डिझेलच सुटत नाही. चावी ‘ऑन’ करताच पंपापाशी बारीक ‘टिक’ ऐकू यायला हवी. ती आली, तर मग डिझेल लाइनीत हवा शिरली का ते पाहावे.

दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरणाऱ्या गाडीत बहुधा मागाहून जोडलेला टेप, एलईडीच्या माळा किंवा म्युझिकल हॉर्न चोरून वीज खात असतो. अर्धा अँपिअर गळती दिवसाला १२ अँपिअर-तास नेते.

काही रूढ उपाय घातक आहेत. पान्याने सोलेनॉइड शॉर्ट करताना गाडी गिअरमध्ये असली तर ती समोरच्या माणसावर जाते. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासणे ही अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनामोच्या काळातली सवय. अल्टरनेटरचे डायोड त्यात जळतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंप देणे ठीक, पण मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असू शकते, ती आधी बघावी. जंपरचा शेवटचा चिमटा बॅटरीवर नव्हे, दूर इंजिनच्या लोखंडावर लावावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

एवढे सगळे करण्यापेक्षा अनेक चालक उतार शोधतात. यांत्रिक पंपाची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सोडताच, कमजोर बॅटरीवरही धक्क्याने उचलते. म्हणून तापीकाठच्या केळीबागांच्या वाटांवर पिकअप नाक उताराकडे करून उभी असते, पुढच्या चाकापुढे दगड, आणि चालक तो दगड आधी हलवून मगच चावीला हात घालतो.