काचेच्या पेटीतून जाळीच्या पिंजऱ्यात: पाळीव शॅमेलिऑनच्या निगेची पार्श्वभूमी

‘सरड्यासारखा रंग बदलतो’ असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर येतो तो कुंपणावर माना डोलावणारा, विणीच्या दिवसांत गळा लालभडक करणारा बागेतला सरडा. शॅमेलिऑन वेगळा. चिमट्यासारखी दुभंगलेली पावलं, दोन दिशांना दोन बघणारे डोळे आणि फांदीला वेढे घालणारी शेपूट असलेल्या या प्राण्याला मराठीत सरडगुहिरा म्हणतात. नावाचा गोंधळ इतरांचाही झाला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शॅमेलिऑन’ म्हणून विकले जायचे ते अ‍ॅनोल जातीचे छोटे हिरवे सरडे. गळ्यात बारीक साखळी अडकवून लोक ते अंगावरच्या कपड्यांना टाचून मिरवत.

खरा शॅमेलिऑन घरात ठेवल्याची जुनी नोंद पॅरिसची आहे. १६७०च्या दशकात लेखिका मादलेन द स्क्युदेरी हिच्याकडे इजिप्तहून आलेले दोन शॅमेलिऑन होते आणि त्यांची हकीकत तिने १६८८ मध्ये छापली. त्याआधी १६६९ मध्ये फ्रेंच वैद्य क्लोद पेरो याने शॅमेलिऑनच्या शरीररचनेचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. हा प्राणी नुसत्या हवेवर जगतो, ही रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलेली समजूत तोवर लोकांच्या मनात पक्की होती. आज ती हास्यास्पद वाटते, पण पुढची तीनशे वर्षं पाळणाऱ्यांनी केलेल्या चुका याहून फारशा शहाण्या नव्हत्या.

पाळीव प्राण्यांच्या बाजारात शॅमेलिऑन मोठ्या संख्येने आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. केनिया, टांझानिया, कॅमेरून आणि मादागास्करच्या जंगलातून पकडलेले जीव कापडी पिशव्यांत भरून विमानाने युरोप-अमेरिकेत पोहोचत. पोहोचेपर्यंत अंगातलं पाणी आटलेलं, पोटात जंत, आणि स्वागताला माशांची काचेची टाकी, वर साधा बल्ब, खाली पाण्याची वाटी. बहुतेक जनावरं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरत. हवाई बेटांवरची गोष्ट याच काळातली. १९७२ मध्ये तिथल्या एका विक्रेत्याने केनियाहून मागवलेले तीन शिंगांचे जॅक्सन शॅमेलिऑन मरगळून पोहोचले. जरा सावरावेत म्हणून त्याने ते घरामागच्या बागेत सोडले. ते इतके सावरले की आज तिथे ती उपद्रवी परकी जात मानली जाते. मोकळी हवा, पाऊस, ऊन आणि गार रात्र एवढ्यावर जे साधलं, ते टाकीत साधत नव्हतं. ही गोष्ट धड्यासारखी वाचायला मात्र पाळणाऱ्यांना बरीच वर्षं लागली.

टाकीत नेमकं बिघडायचं काय? पहिली गोष्ट पाणी. शॅमेलिऑनला साचलेलं पाणी सहसा ओळखूच येत नाही. पानावर थरथरणारा थेंब चमकला की डोळा त्याच्यावर रोखला जातो, मग मान पुढे येते आणि जीभ थेंब टिपते. वाटी भरलेली असूनही जनावर तहानेने मरायचं ते यामुळे. डोळे खोल जाणं आणि विष्ठेतला पांढरा भाग केशरी होणं ही त्याची खूण. त्यावर उपाय निघाला तो अगदी साधा: प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडाला टाचणीने भोक पाडून तो पिंजऱ्याच्या छतावर, मनीप्लांटच्या पानांच्या वर ठेवायचा. सेकंदा-दोन सेकंदाला एक थेंब, पंधरा-वीस मिनिटं.

दुसरी गोष्ट हवा. बंद काचेत ओल आणि उष्णता एकत्र साचली की फुप्फुसाला संसर्ग होतो. तोंड उघडं ठेवून नाक वर करून बसलेला शॅमेलिऑन ऐटीत बसलेला नसतो, त्याला श्वास लागलेला असतो. शिवाय हा एकलकोंडा प्राणी काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून दिवसभर प्रतिस्पर्ध्याशी झुंजत राहतो. रंग काळपट पडतो तो अशा ताणाने किंवा थंडीने, मागच्या भिंतीशी जुळवून घ्यायला नव्हे. रंगबदल त्वचेतल्या ग्वानीन या पदार्थाच्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदलल्याने होतो, हे जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं. या अनुभवांतून जाळीचा उंच पिंजरा रूढ झाला. मोठ्या जातींच्या एका प्रौढ नरासाठी ६० × ६० × १२० सेंमी हे माप आता सर्वसाधारण मानतात. आत जास्वंद, शेफ्लेरा, मनीप्लांट. एका पिंजऱ्यात एकच जीव.

तिसरी आणि सगळ्यांत उशिरा उमगलेली गोष्ट म्हणजे ऊन. उन्हातल्या अतिनील-बी (यूव्हीबी) किरणांशिवाय त्वचेत ड३ जीवनसत्त्व बनत नाही, ड३शिवाय आतड्यातून कॅल्शियम शोषलं जात नाही आणि मग शरीर ते हाडांतून काढू लागतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, जीभ भक्ष्यापर्यंत पोहोचत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कुचकामी, कारण काच हे किरण अडवते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच्या अतिनील नळ्या १९९०च्या दशकात हाती आल्यावर चित्र पालटलं. प्राणिशास्त्रज्ञ गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की आहारात ड३ कमी असेल तर पँथर शॅमेलिऑन स्वतःहून जास्त वेळ अतिनील प्रकाशात बसतो. म्हणून पिंजऱ्यात उजेड आणि सावली दोन्ही हवी. शेकण्याच्या फांदीवर अतिनील निर्देशांक साधारण ३ असावा. नळी दिसायला पेटत राहिली तरी किरण घटत जातात, तेव्हा ते मोजणारं मीटर नसेल तर ती वर्षभराने बदलावी.

दरम्यान कायद्याने बाजाराचा नूर बदलला. १९७७ मध्ये बहुतेक शॅमेलिऑन साइट्स (धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले. १९९५ पासून मादागास्करहून पँथर, कार्पेट, ऊस्तालेचा आणि काटेरी या चारच जातींचा व्यापार बरीच वर्षं चालू राहिला. जंगलातला पुरवठा आटला तशी पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लांची किंमत कळली. येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन इथे पुढे आला. काटक, कीटकांबरोबर पानंही खाणारा, आणि पाच-सहा महिन्यांत वयात येणारा.

त्याच्या या प्रजननक्षमतेनेच नवी चूक घडवली. मादीला रोज पोटभर रातकिडे आणि भरपूर उष्णता दिली की एका खेपेला ६०–८० अंडी येतात. तिला नराची गरजही नसते, फलन न झालेली अंडी ती घालतेच. अंडी अडकून किंवा शरीर झिजून माद्या तरुणपणी मरत. आता वयात आलेल्या मादीला एक दिवसाआड तीन-चार कीटक देतात आणि शेकण्याची जागा २७ अंशांच्या आसपास ठेवतात. अंडी २०–३० वर येतात. पिंजऱ्यात ३० सेंमी खोल ओलसर वाळूचा डबा कायम हवाच. वाळूत बोट खुपसून भोक केल्यावर ते ढासळलं नाही, तर ओल बरोबर आहे.

कॅल्शियम-जीवनसत्त्वांच्या पुड्यांबाबतही हेच झालं. हाडं मोडतात म्हटल्यावर लोकांनी जीवनसत्त्वांचा मारा केला आणि मानेभोवती सूज येऊ लागली. सध्याचा शिरस्ता साधा आहे: दर जेवणाला ड३ नसलेल्या कॅल्शियमची हलकी भुकटी, बहुविध जीवनसत्त्वं महिन्यातून दोनदा, आणि कीटकांना आधी दिवसभर हिरवा पाला व गाजर.

गेल्या काही वर्षांत लक्ष रात्रीकडे वळलं आहे. दिवसा कोरडं, रात्री १८–२० अंशांत दाट धुकं, हे अनेक जातींच्या मूळ डोंगराळ प्रदेशाशी जुळतं. मुंबईत मे महिन्यात रात्रीही पारा २७च्या आसपासच राहतो. तिथे धुकं सोडणारा फॉगर लावणं म्हणजे गरम वाफ देणं, म्हणजे पुन्हा जुन्या टाकीचा आजार.

भारतातला सरडगुहिरा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तो घरी ठेवता येत नाही. परदेशी जातींचं बोलायचं तर २०२२च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, आणि २०२४च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नवा प्राणी घेतल्यास मुदत ३० दिवसांची. विक्रेत्याकडे कागद नसतील तर पुढचं काही विचारू नये. आणि विषारी समजून गावाकडे ज्याला दगड मारतात तो सरडगुहिरा रस्ता ओलांडताना दिसला, तर काठी पुढे धरावी. तो आपणहून चढतो, मग काठी जवळच्या झुडपाला टेकवायची.