दूरस्थ सहायक आणि अशिलाची गोपनीयता: एक खुलासा

अशिलाचे कागद कार्यालयाबाहेर बसलेल्या सहायकाने पाहिले की गोपनीयतेचा भंग होतो, असा समज वकीलवर्गात वर्षानुवर्षे रूढ आहे. तो सरसकट बरोबर नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२७ नेच गुप्ततेचे बंधन वकिलाच्या कारकुनालाही लागू केले होते आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ते दुभाषी, कारकून व कर्मचारी यांच्यासाठी कायम आहे. तो कारकून शेजारच्याच टेबलावर बसावा, अशी अट त्यात नाही. मात्र एजन्सीमार्फत घेतलेला सहायक ‘कर्मचारी’ ठरेलच, हे गृहीत धरू नये. गुप्ततेचा लेखी करार आधी करावा.

संध्याकाळी ई-कोर्ट्स या न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून पुढची तारीख डायरीत चढवणे, दुसऱ्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, पाहणे, फीची बिले पाठवणे ही कामे नागपूरच्या वकिलासाठी साताऱ्यात बसूनही होतात. त्यासाठी संपूर्ण फाइल उघडी करावी लागत नाही, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. कायदेशीर सल्ला आणि न्यायालयातील युक्तिवाद मात्र वकिलानेच करायचा.