०.८ चा आकडा आला कुठून? चालण्याच्या वेगामागची गोष्ट

उतारवयात चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी भरला की बऱ्याच ठिकाणी तो 'हळू' धरतात, त्या आकड्याची ही गोष्ट. सुरुवातीला वेग नाही, दम मोजायचे. १९७० च्या दशकात फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या पेशंटना १२ मिनिटं चालायला लावून अंतर बघायचे, पण आजारी माणसाला तेवढं झेपत नाही म्हणून १९८० च्या दशकात ते ६ मिनिटांवर आलं.

म्हातारपणाच्या अभ्यासात मात्र १९९० नंतर स्टॉपवॉच आणि चार मीटर मोकळी जागा एवढंच पुरायला लागलं. २००१ मध्ये वृद्धांच्या नाजूकपणाच्या पाच खुणा ठरल्या, त्यात हळू चालणं ही एक, आणि तिथे उंची आणि स्त्री-पुरुष बघून मर्यादा वेगवेगळी ठेवली होती, हे महत्त्वाचं आहे. पुढे २०११ मध्ये ६५ च्या पुढच्या ३४ हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली तर वेग जास्त तसं आयुष्य जास्त असं स्पष्ट दिसलं. चालताना हृदय, फुप्फुसं, स्नायू, नसा, तोल सगळंच कामाला लागतं, कुठेही बिघाड झाला की वेग उतरतो.

खरा घोळ मर्यादेचा आहे. स्नायू झिजण्याच्या निदानात युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१० मध्ये सेकंदाला ०.८ मीटर धरलं, आशियातल्या गटाने २०१४ मध्ये तेच उचललं. मग २०१८ मध्ये युरोपने आधी स्नायूंची ताकद बघा म्हटलं आणि वेग फक्त आजार किती पुढे गेलाय ते ठरवायला ठेवला, तर २०१९ मध्ये आशियाने मर्यादा थेट १.० वर नेली! म्हणजे ०.९ ने चालणाऱ्या आजी एका यादीत ठीक आणि दुसरीत हळू. त्यात कोणी उभ्याने सुरुवात करून मोजतं, कोणी चालता चालता, आणि चार मीटरमध्ये सुरुवातीचा वेग पकडण्यातच बराच वेळ जातो, मग आकडे जुळणार कसे? माझ्या मते मोजायची पद्धत एक न करता मर्यादा हलवणं चूकच होतं, आणि उंचीचा विचार सोडायलाच नको होता.

२०१३ पासून हळू चालणं आणि विसरायला होतंय ही तक्रार एकत्र असेल तर स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असंही धरतात. आता तर खिशातला मोबाईलच वेग मोजतो, पण तो रोजच्या चालण्याचा असतो, जो टेस्टमधल्यापेक्षा सहसा कमीच भरतो, त्यामुळे त्याला ०.८ लावून घाबरू नका.