वाचलेलं १० टक्के, शिकवलेलं ९० टक्के? हे आकडे खरे नाहीत

मुंबईत प्राध्यापकांच्या प्रशिक्षणवर्गांत एक त्रिकोण अजूनही पडद्यावर येतो: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, दुसऱ्याला शिकवलेलं ९०. खाली नाव अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं. डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू (तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला नुसते शब्द) मांडला खरा, पण त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर चिकटवले गेले. त्यामागचा प्रयोग कुणाला दाखवता आलेला नाही.

मला याची चीड येते, कारण ज्याच्या बाजूनं हा त्रिकोण दाखवतात त्या सहभागी शिक्षणाला, म्हणजे विद्यार्थ्यांनी नुसतं न ऐकता वर्गात स्वतः काही करण्याला, खोट्या आकड्यांची गरजच नाही. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के नापास, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८.

हार्वर्डचे एरिक माझुर यांनी १९९०च्या दशकात भौतिकशास्त्राच्या मोठ्या वर्गात रुजवलेली रीत अगदी साधी आहे: प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आधी एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. पार्ल्या-माटुंग्याच्या कॉलेजांत बाकं हलत नसली, वर्ग खच्चून भरलेला असला, तरी हे जमतं. व्याख्यान बाद करा, असं मात्र यातलं काहीच सांगत नाही. माझुर यांच्या पद्धतीतही प्रश्नाआधी थोडं शिकवणं असतंच.