एकट्यानं समुद्र पार करायचा आणि 'मदत' नको: या नियमाची पार्श्वभूमी

सांगलीत होडी म्हटलं की कृष्णेतल्या शर्यती आठवतात नाहीतर २०१९ चा पूर. समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायला लागते. तरीपण नौदलातला कुणी एकटा शिडाच्या बोटीतून जगाला चक्कर मारून आला अशी बातमी आली की 'पहिला भारतीय' कोण यावरून ग्रुपवर जुंपतेच, एक म्हणतो २०१० चा, दुसरा म्हणतो २०१३ चा. दोघंही बरोबर आहेत, पण ते कसं हे समजून घ्यायला १९६८ सालात जायला लागतं. शीड कसं काम करतं, अक्षांश-रेखांश म्हणजे काय वगैरे सोडून देतोय, ते शाळेत झालंय.

काही जण इथं लगेच मराठा आरमार काढतात. सरखेलीची (आरमारप्रमुखपदाची) वस्त्रं साताऱ्याच्या गादीकडून गेली होती हे खरं, अभिमान पण आहे, पण ती गलबतं भरपूर खलाशी घेऊन किनाऱ्याच्या आसपास लढायची. या विषयाशी त्याचा संबंध नाही.

जुना काळ पटकन उरकतो. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून एक मच्छीमार २० फुटी डोरी (चपट्या तळाची मासेमारीची होडी) घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरहून निघाला, वाटेत एकदा उलटा झाला आणि ऑगस्टमध्ये वेल्सला लागला. अटलांटिक एकट्यानं पार केल्याची ही पहिली नोंद. मग १८९५ ते १८९८ मध्ये एक जुना कप्तान, जुन्या सांगाड्यावरून स्वतः नव्यानं बांधलेली 'स्प्रे' घेऊन बोस्टनहून निघून बंदरं घेत घेत जगाची पहिली एकट्याची फेरी करून आला. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा तू किती ठिकाणी थांबलास, कुणाकडनं काय घेतलंस. तेव्हा नियमच नव्हते. १९०९ मध्ये तोच माणूस त्याच बोटीसकट समुद्रात गायब झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर खरा फरक पडला तो वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूनं. बोटीच्या मागच्या टोकाला एक उभी फळी, वारा बोटीला ज्या कोनात लागतोय तो कोन बदलला की फळी कलते आणि सुकाणू फिरवून बोट परत त्याच कोनात आणते. बॅटरी नाही, मोटर नाही. एक भानगड मात्र आहे, हे यंत्र वाऱ्याचं ऐकतं, होकायंत्राचं नाही, म्हणजे झोपेत वारा फिरला तर बोटपण फिरली, उठल्यावर बघायचं आपण कुठं चाललोय. १९६० मध्ये प्लिमथ ते न्यूयॉर्क अशी एकट्यांची पहिली शर्यत झाली तेव्हा पाच बोटी होत्या, आणि अशी सुकाणू चालतात हे तिथं सिद्ध झालं. झोपेचा प्रश्न मात्र आजपण तसाच आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांप्रमाणे प्रत्येक बोटीवर कायम डोळ्यानं आणि कानानं पहारा पाहिजे, आणि एकटा माणूस वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेत जातो, म्हणजे कागदावर बघितलं तर हा अख्खा खेळच नियमात बसत नाही. पण त्यावर कुणी फार बोलत नाही.

आता १९६८. त्याच्या आदल्या वर्षी पासष्टीचा एक इंग्रज फक्त सिडनीला एक थांबा घेऊन जग फिरून आला होता, २२६ दिवस समुद्रात. मग न थांबता जायचं एवढंच शिल्लक होतं, आणि बरेच जण आपापले तयारीला लागले होतेच. लंडनच्या एका रविवारच्या पेपरनं हे हेरलं आणि शर्यत जाहीर करून टाकली. फॉर्म भरायचा नाही, पात्रता नाही, १ जून ते ३१ ऑक्टोबरमध्ये ४० अंश उत्तरेच्या वरच्या कुठल्याही बंदरातून निघा, तिन्ही मोठ्या भूशिरांना (केप ऑफ गुड होप, लीविन आणि हॉर्न) वळसा घालून त्याच बंदरात या. पहिल्या येणाऱ्याला ट्रॉफी, सगळ्यात कमी वेळात येणाऱ्याला ५,००० पौंड. जो कोणी या काळात निघेल तो आपोआप शर्यतीत, मग त्याला यायचं असो वा नसो. आणि अट अशी की वाटेत कुठलीही मदत घ्यायची नाही.

या 'मदत नाही' वर मला जरा जास्त लिहायचंय, कारण नंतरची सगळी भांडणं यातून निघालीत. अन्न नको, दुरुस्तीचं सामान नको, इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती. पण पत्रं? आयर्लंडच्या बाजूनं निघालेला एक ब्रिटिश सैन्याधिकारी अटलांटिकमधल्या मदेरा बेटाजवळ ओळखीच्या लोकांना भेटला, आपले फोटो आणि नोंदी त्यांच्याकडे दिल्या, त्यांच्याकडून टपाल आणि त्याच पेपरचा अंक घेतला. पुढं निवांत तो अंक वाचायला बसला तर त्यात छापलेलं की टपाल घेणं म्हणजेपण मदत. म्हणजे ज्या पेपरात नियम वाचला तो पेपर हातात घेतल्यामुळंच गडी बाद. त्यानं ते क्षुल्लक म्हणून सोडून दिलं आणि पुढं गेला, पण मन उतरलं ते उतरलंच, शेवटी ब्राझीलला थांबला.

आणि याच शर्यतीत रेडिओ मात्र चालत होता! बायकोचा आवाज रेडिओवर ऐकला तर मदत नाही, तिचं पत्र वाचलं तर मदत. मला विचाराल तर हा नियम समुद्रावर नाही, टेबलाशी बसून ठरवलेला आहे. एका फ्रेंच गड्यानं यावर स्वतःचा उपाय काढला होता, तो गलोल ठेवायचा. डब्यात चिठ्ठी घालून गलोलीनं थेट जवळून जाणाऱ्या जहाजाच्या डेकवर मारायचा, देवाणघेवाणीचा प्रश्नच मिटला. शर्यत सोडतोय हेपण त्यानं केपटाऊनपाशी असंच कळवलं आणि घरी यायच्या ऐवजी तसाच पुढं ताहितीला निघून गेला.

नऊ जण निघाले, एक परत आला. तोपण सगळ्यात बारक्या बोटींपैकी एका बोटीतून, ३२ फुटी 'सुहेली', आणि ही बोट मुंबईत बांधलेली, सागवानी, आपल्याकडच्या सुतारांच्या हातची. हे आपल्याकडंच कमी लोकांना माहितीय याचं वाईट वाटतं. तिचा रेडिओ लवकर बंद पडला, वाऱ्याचं सुकाणू ऑस्ट्रेलियाच्या बाजूला मोडलं, आणि ३१२ दिवसांनी २२ एप्रिल १९६९ ला ती फाल्मथला लागली. त्याच शर्यतीत एकानं अटलांटिकमध्येच थांबून रेडिओवर खोटी ठिकाणं कळवली, जुलैमध्ये त्याची रिकामी बोट सापडली. जिंकणाऱ्यानं ५,००० पौंड त्याच्या घरच्यांना देऊन टाकले.

पुढं १९८९ पासून फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी मोठ्या बोटींची न थांबता फेरी सुरू झाली, तिथं नियम जरा शहाणे झाले, आडोशाला नांगर टाकून स्वतः दुरुस्ती करता येते, दुसऱ्या माणसाचा हात मात्र लागता कामा नये. हवामानाची माहिती घ्या, पण कुठून जायचं ते किनाऱ्यावरच्या माणसानं सांगायचं नाही. डॉक्टरचा सल्ला मात्र चालतो, १९९२-९३ मध्ये एकाची स्वतःच्याच दातांनी जीभ फाटली, डॉक्टरनं टेलेक्सवर सांगितलं तसं त्यानं स्वतःच टाके घातले.

आता आपल्या दोन 'पहिल्यां'कडं. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' घेऊन नौदलाचा एक अधिकारी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईतून निघाला, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये आला. एकट्यानं जग फिरणारा पहिला भारतीय. दुसरा अधिकारी त्याच बोटीतून १ नोव्हेंबर २०१२ ला निघाला आणि ३१ मार्च २०१३ ला मुंबईतच पोचला, न थांबता, बाहेरची मदत न घेता. त्या रांगेतला पहिला भारतीय. बातमीत 'न थांबता' हे शब्द गाळले की दोघं एकाच खुर्चीवर येतात आणि ग्रुपवर मारामारी. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्याचं काम कमी धरू नये, कारण बोट बांधून घेण्यापासून सगळं त्याला शून्यातून उभं करायला लागलं. साताऱ्याच्या सैनिकी शाळेतून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेलेली आपली पोरं खडकवासल्याच्या पाण्यात शीड धरायला शिकतात, त्यांच्यासमोर आता दोन वाटा आहेत त्या यांच्यामुळं.

मोजण्याचे वाद तर वेगळेच. २०१० मध्ये एक ऑस्ट्रेलियन मुलगी सतरा पूर्ण व्हायला तीन दिवस असताना २१० दिवस एकटी राहून सिडनीला परतली, तर नोंद ठेवणाऱ्यांचं म्हणणं आलं की त्यांच्या हिशेबानं जगफेरीला लागणारे २१,६०० सागरी मैल भरत नाहीत. बंदरावर हजारो लोक उभे होते, त्यांना या हिशेबाशी काय देणंघेणं.

२०१८ मध्ये १९६८ ची शर्यत जुन्याच पद्धतीनं परत भरवली, सेक्स्टंटवर (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून ठिकाण काढायचं यंत्र) चालायचं, जीपीएस सीलबंद पेटीत, संकट आलं तरच उघडायचं. एखादा थांबला किंवा सील तोडलं तर तो बाद नाही, वेगळ्या गटात जातो. आपला २०१३ चा अधिकारी 'सुहेली'सारखीच, पण गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन त्यात होता. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून साधारण १,९०० सागरी मैलांवर, वादळात बोट उलटली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला मार लागून तो जागचा हलेना. तीन दिवसांनी फ्रेंच मत्स्यविभागाच्या बोटीनं त्याला उचललं. अशा वेळी मदतीचा नियम कुणी काढत नाही. नंतर मणक्यात टायटॅनियम घालून हाच माणूस २०२२ च्या शर्यतीत उतरला आणि २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ ला दुसरा आला.

त्याच शर्यतीत नियमाची दुसरी बाजू दिसली. दक्षिण आफ्रिकेची एक बाई पुढच्या फळीत होती, नोव्हेंबरमध्ये एका फिनिश स्पर्धकाची बोट बुडाली, तो तराफ्यात होता, तिनं वाट वाकडी करून त्याला शोधला, एका मालवाहू जहाजावर चढवला आणि परत शर्यतीला लागली. त्याबद्दल तिला ३५ तास आणि ३० लिटर इंधन हिशेबात परत मिळालं. मदत घेणाऱ्याला शिक्षा आणि देणाऱ्याला भरपाई, हे मात्र मला पटतं. २०२०-२१ च्या फ्रेंच शर्यतीत तर अशाच भरपाईच्या सव्वादहा तासांवर तिसरा पोचलेला माणूस पहिला ठरला होता.

शेवटाला २७ एप्रिल २०२३ ला फ्रान्समधल्या ले साब्ल-दोलोन बंदराच्या शेवटच्या रेषेवर सगळ्यात आधी एक इंग्रज आला. पण त्यानं वाऱ्याचं सुकाणू दुरुस्त करायला चिलीत एक थांबा घेतला होता, त्यामुळं तो वेगळ्या गटात. ती बाई काही तासांनी आली आणि शर्यत तिची झाली, अशी फेरीची शर्यत जिंकणारी पहिली बाई. त्या एका थांब्याचा दंड जरा जास्तच झाला असं म्हणणारे बरेच आहेत, आणि पुढच्या वेळी ही अट बदलावी की नको यावर तेव्हा वादही झाले.